चार पावलं आणि एक थांबा

३ फेब्रुवारी

आयुष्यभर मी फक्त जॉबकार्डं लिहिली. कुठली मोटर, काय बिघडलं, कधी न्यायला येणार. आजपासून वहीत लिहायचं ठरवलं आहे, कारण हाती घेतलेलं काम माझ्या अकलेबाहेरचं आहे आणि कुठे चुकलो ते नंतर शोधता यायला हवं.

ही जाऊन चौदा महिने झाले. कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची, आणि उरलेला सगळा जीव एका किड्यात. अकरा वर्षं एकच भुंगेरा. लांबी सव्वा मिलिमीटर, म्हणजे खसखशीच्या दाण्याहून जेमतेम मोठा. डोळे नाहीत, पंख नाहीत, रंग पातळ चहाचा. गावाबाहेरच्या टेकडीच्या एका उतारावर, कुजत्या पालापाचोळ्यात राहतो. दुसरीकडे कुठे राहतो का, कोणाला ठाऊक नाही. त्याला अजून नावच नाही, आणि नाव नाही तो शास्त्राच्या दफ्तरी जन्मलाच नाही.

तिच्या खणात बत्तीस पानांचा मजकूर तयार आहे. दोनच जागा रिकाम्या. एक नराच्या वर्णनाची, कारण तिला मिळालेले सातही नमुने माद्यांचे. दुसरी नावाची. या दोन जागा भरून ते छापायला पाठवायचं. तिचं एवढंच काम राहिलंय आणि ते मी करणार आहे.

मी दहावी नापास. माझं सगळं शिक्षण कानाचं. मोटरी गुंडाळायचं दुकान शून्यातून उभं केलं ते या दोन कानांवर. रस्त्यापलीकडे पंप चालू असला तरी कुठलं बेअरिंग चाललंय ते सांगायचो. ही मला चारचौघांत ‘अहो’ म्हणायची आणि घरात ‘कानसेन’. गिऱ्हाइकाला मात्र कधी काही ऐकू आलेलं नसायचं. ‘काल तर ठणठणीत होता हो.’ रोज यंत्राशेजारी बसणाऱ्याला त्याचा आवाज येत नाही, हा माझ्या धंद्यातला पहिला धडा.

५ फेब्रुवारी

दुपारी तिच्या खोलीत बसलो. एकतीस वर्षं खाली दुकान आणि वर घर असं चाललं. दुकान दोन वर्षांपूर्वी मुख्य कारागिराला देऊन टाकलं, त्याने ते दुसरीकडे हलवलं, पण तिच्या पडद्यांना वार्निशचा वास अजून आहे. भट्टीत मोटरी भाजायला घातल्या की तो वास जिना चढून थेट तिच्या टेबलाशी जायचा. ती म्हणायची, ‘तुमच्या मोटरी माझ्या किड्यांआधी मलाच टिकवून ठेवतील.’

मायक्रोस्कोपवर वाकलो. पहिल्यांदा नुसता उजेड दिसला, मग एकदम किडा. केवढा तरी मोठा आणि गुळगुळीत, पाठीवर ठिपक्यांच्या ओळी, कोणी मोजून मारल्यासारख्या. बघत राहिलो.

आणि मागे ती श्वास घेत होती.

घेताना बारीक शिटी, सोडताना काही नाही. वळलो. खुर्ची रिकामी. पुन्हा वाकलो, पुन्हा सुरू.

घाबरलो नाही. हा आवाज मला पाठ आहे. कधीपासून पाठ आहे, ते आज लिहीत नाही.

११ फेब्रुवारी

भुंगेरा म्हणजे काही नुसता भुंगेरा नव्हे. कागदाच्या टोकदार तिकोन्यावर तो चिकटवलेला, तिकोना टाचणीत टोचलेला, आणि टाचणीत खाली नखाएवढं लेबल: कुठे, कधी, कोणी. हिची लेबलं पिवळी पडली होती, पेन्सिल पुसट. दुकानातही मला मळकी पाटी खपत नसे. दिवसभर बसून सातही लेबलं संगणकावर टाइप केली, छापली, कापली, जुनी काढून नवी टोचली. डबा कसा नव्या नवरीसारखा दिसतोय. उद्या-परवा संग्रहालयात दाखवून येतो.

१३ फेब्रुवारी

नाक कापलं गेलं.

संग्रहालयातला किड्यांचा विभाग एकच गृहस्थ सांभाळतात. उंच, किडकिडीत, डोकं बारीक. मी मनात त्यांचं नाव टाचणीसाहेब ठेवलंय. हिला वीस वर्षं ओळखत होते. मार्चअखेर निवृत्त होणार आणि त्यांच्या जागी कोणी येणार नाही, म्हणजे जे काही करायचं ते तोवर.

त्यांनी डबा उघडला आणि किड्याकडे न बघता आधी लेबलाकडे बघितलं.

“जुनी कुठे आहेत?”

मी म्हटलं, टाकली, पिवळी झाली होती.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग अगदी हळू आवाजात बोलले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

“पाय तुटला तरी चालतं. डोकं गेलं तरी चालतं. मूळ लेबल गेलं की तो किडा कुठलाच राहत नाही. नवं लावायचं तर जुन्याच्या खाली लावतात. जुनं कधीच काढत नाहीत.”

मी उठलो तेव्हा त्यांनी विचारलं, “रद्दी गेली का हो घरातली?”

१५ फेब्रुवारी

रद्दी गेली नव्हती. दोन दिवस जमिनीवर फतकल मारून बसलो. पोतं रिकामं केलं, एकेक कपटा उलगडला. सहा सापडली. सातवं नाही. नेमकं शेवटच्या नमुन्याचं, ती जाण्याआधी दहा महिन्यांचं.

वाकून वाकून दमलो. मध्येच ती पुन्हा मागे येऊन बसली. मी म्हटलं, शोधतोय गं, जरा थांब.

२० फेब्रुवारी

सहा लेबलं घेऊन पुन्हा गेलो. टाचणीसाहेबांनी चिमट्याने एकेक उलटं केलं. मागच्या बाजूलाही पेन्सिलीने आकडे आहेत, हे मी बघितलंच नव्हतं. तारखेप्रमाणे लावले: २, २, ३, ४, ६, ९. त्यापुढे काही नाही. ते म्हणाले, पाला किती वेळा चाळला त्याचा आकडा असावा. पटलं. शेवटी शेवटी किडा दुर्मीळ झाला असणार, जास्त चाळावं लागत असणार.

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली, ती डोक्यातून जात नाही. नव्या जातीचं वर्णन करणाऱ्याने तिला स्वतःचंच नाव द्यायचं नाही, असा या लोकांत रिवाज आहे. म्हणजे लेखिका ही असेल, तर किड्याला हिचं नाव देता येणार नाही. “पण लेखक तुम्ही झालात, नर तुम्ही शोधलात, तर तुम्ही बाईंचं नाव देऊ शकता. कायमचं राहील. त्यांच्या मजकुराचा उल्लेख तळटीपेत करू.”

कायमचं हा शब्द मोठा गोड आहे. शिवाय खोटं कशाला बोलू, वर लेखक म्हणून माझं नाव, दहावी नापास, हेही गोड आहे. आयुष्यभर पाटीवर माझंच नाव होतं.

२७ फेब्रुवारी

आज आवाजाचा छडा लावायचाच म्हणून बसलो. आधी एकेक गोष्ट बंद करत जायची, ही माझी जुनी पद्धत. फ्रीज बंद. पंखा बंद. खिडक्या लावल्या, फटीत कापड कोंबलं. घड्याळातला सेल काढला. मायक्रोस्कोपचा दिवासुद्धा विझवला. तरी शिटी आहेच. खोलीत, अगदी जवळ, हातभरावर.

नीट ऐकू यावं म्हणून मी श्वास रोखून धरला. लगेच थांबली. तीही तशीच होती. कोणी कान दिला की गप्प.

६ मार्च

लेक आली. दुसऱ्या शहरात असते, शनिवार-रविवार जोडून आली. सकाळी टेकडीवर नर शोधायला जायचंय, मला एकट्याला सोडायला तयार नाही. आल्या आल्या माझे कपडे धुवायला काढले आणि बोलणी सुरू. बाबा, हा सदरा कितव्यांदा घालताय? बाबा, किती वाळलात? मी म्हटलं, तुझ्या सासूला असंच बोलतेस का? म्हणाली, तिला बोलावं लागत नाही, ती सदरे बदलते.

आणि सदऱ्याची दुमडलेली बाही उलगडताना तिच्या हातात सातवं लेबल पडलं. माझ्याच बाहीत होतं. सगळं घर पालथं घातलं मी.

तिने ते भिंगाखाली धरलं. पुढे जागा आणि तारीख. मागे आकडा आहे, आणि या एकावर पुढे तीन शब्दही. तिने मोठ्याने वाचलं.

“अकरा. क. ला ठाऊक.”

माझ्याकडे बघून विचारलं, “बाबा, क. म्हणजे कोण?”

मी म्हटलं, असेल कोणी कॉलेजातलं.

ती लेबल पुस्तकात ठेवून चहा टाकायला गेली.

७ मार्च

टेकडीवर गेलो. चाळणी, फडकं, दोन पोती. उतारावरची ती झाडं शोधायला दीड तास लागला. चढ तसा काही फार नाही. वाटेत एकदा माझ्या बुटाची नाडी सुटली. पुढे एक पक्षी बोलत होता, तो ऐकायला थांबलो. वळणावरून गाव छान दिसतं, तेही बघितलं. एका दगडावर शेवाळ होतं, ते लेकीला दाखवलं. झाडांपाशी पोचल्यावर पोत्याचा उगाच खांदा बदलला. लेक पुढे पळत नव्हती, मागेच होती. दर वेळी म्हणायची, “बघा ना बाबा, सावकाश बघा, घाई काय आहे.”

शेवाळ दाखवताना मला एकदम आठवलं. ही मला शेवाळ दाखवायची. शेवटच्या वर्षी रविवारी फिरायला गेलो की, ‘अहो, हे शेवाळ बघा.’ दहा पावलांवर पुन्हा, ‘हे जरा वेगळं आहे.’ शेवाळ तिचा विषय नव्हता.

दोन, दोन, तीन, चार, सहा, नऊ, अकरा. चाळण्यांचा आकडा नव्हे तो. त्या चढावर ती कितीदा थांबली, त्याचा आहे.

पाला पोत्यात भरला. भरता भरता लेकीला एवढंच सांगितलं, ते आकडे थांब्यांचे आहेत.

८ मार्च

लेक दुपारी गेली. जाण्याआधी कालच्या पाल्यातून जे मिळेल त्यासाठी लेबल लिहून कापून ठेवलं. अक्षर आईसारखंच, मुंगीच्या पावलांचं. पेन्सिलीनेच लिहिलं, शाई स्पिरिटमध्ये विरघळते म्हणे.

आता ते लिहून टाकतो.

लेकीला मी खोटं सांगितलं. क. म्हणजे कानसेन.

ती जाण्याआधी एकोणीस महिने, एका सकाळी ती जिना चढून वर आली आणि मी खालून ऐकलं. श्वास घेताना शिटी. अगदी बारीक, नव्या बेअरिंगला पहिला ओरखडा पडावा तशी. बाकी कोणाला ऐकूही आली नसती. मी हातातली मोटर खाली ठेवली आणि ऐकत राहिलो. मग पुन्हा उचलली.

गिऱ्हाइकाची मोटर असती तर रस्ता ओलांडून सांगायला गेलो असतो, गेलोही आहे. हिला नाही सांगितलं. म्हटलं, सर्दी असेल. म्हटलं, आपण बोललो की ते खरं होईल. रोज ऐकायचो, रोज एक पट्टी वर. डॉक्टरांना कळायला पुढे अकरा महिने लागले, आणि ते म्हणाले, जरा आधी आला असतात तर. मी मान डोलावली. घरातल्या कोणाच्या काही लक्षातच आलं नाही, असंच त्यांना वाटलं.

हिला ठाऊक होतं की मला ठाऊक आहे. ती वाट बघत होती का मी बोलायची? की मी बोलू नये म्हणून शेवाळ दाखवत होती? ती बोलली नाही म्हणून मी बोललो नाही, आणि मी बोललो नाही म्हणून ती. तीन शब्द लिहिले तेही कुठे, तर किड्याच्या पोटाखाली, कागदाच्या मागच्या बाजूला. आणि ते मी न वाचताच काढून टाकले.

१६ मार्च

पाला नरसाळ्यात घालून वर दिवा लावलाय. उबेने वरचा पाला सुकतो, तसे किडे खाली खाली सरकतात आणि शेवटी नरसाळ्याच्या तोंडातून स्पिरिटच्या बाटलीत पडतात. आठ दिवस बसलोय. कोळी, गोमीची पिल्लं, नावंसुद्धा नसलेली धूळ. आज सकाळी बाटलीत पाच पातळ-चहाचे आले. एकाची पुढची पावलं जरा रुंद. टाचणीसाहेबांना फोन केला. म्हणाले, रुंद असतील तर नर. राहिलेला पाला जिथला तिथे नेऊन टाका म्हणाले.

एक अजून जिवंत होता, नरसाळ्याच्या काठावर. भिंगातून पाहिला. चार पावलं चालतो आणि थांबतो. पुन्हा चार, पुन्हा थांबतो. हिच्या मजकुरात सतराव्या पानावर हेच आहे: ‘थांबत थांबत चालतो, कारण कळत नाही.’ त्याला पाल्यात सोडून दिलं.

खोलीतला आवाज आता रोजचाच झालाय. पाल्याची पोती जिन्यावरून वर आणली तेव्हा तर ती पायरीपायरीला बरोबर होती.

२४ मार्च

नराचं पोट उघडून आतला सूक्ष्म भाग काढावा लागतो, त्याशिवाय जात ठरत नाही. टाचणीसाहेबांचा हात आता थरथरतो. म्हणाले, तुम्ही करा. केसाएवढ्या तारेच्या मोटरी गुंडाळलेला माणूस मी. श्वास रोखला आणि एका दमात काढून काचेवर ठेवला. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “नवीच आहे. बाईंचं बरोबर होतं.”

मी म्हटलं, मग लेखिका त्याच. माझं नाव नको. आभारात घाला, मोटरवाला म्हणून.

“मग नाव काय द्यायचं? त्यांचं देता येणार नाही.”

मी सतरावं पान काढून दिलं. थांबत थांबत जाणारा, असा काही शब्द तुमच्या लॅटिनमध्ये असेल तर तो द्या. ते म्हणाले, असतोच. वहीत लिहून घेतलं, दोनदा मनाशी म्हणून पाहिलं. कानाला बरं वाटलं.

सगळं आवरलं. आता नेम म्हणून त्यांनी नव्या नराचं लेबलही उलटं केलं, आणि थबकले.

“हे तुमच्याकडचंच आहे ना? यावरही आकडा आहे.”

मी बिनधास्त होतो. लेबल लेकीने लिहिलं होतं. मी नेहमीसारखी पुढची बाजू बघून टोचलं होतं. भिंग घेतलं.

‘५ थांबे. मला ठाऊक.’

नाडी. पक्षी. गाव. शेवाळ. पोतं.

टाचणीसाहेबांनी विचारलं, कोण हे? मी म्हटलं, मुलगी माझी. मग मला खुर्ची लागली. त्यांनी पाणी दिलं. माझ्याकडे बघत त्यांनी जरा संकोचून विचारलं, “मोटरवाले, तुमच्या छातीत नेहमीच असं वाजतं का हो?”

२५ मार्च

सकाळी तिच्या खोलीत बसलो. दिवा नाही, मायक्रोस्कोप नाही. शिटी आली. श्वास रोखला, थांबली. सोडला, घेतला, आली. रोखला, थांबली. एखादं पोर दिव्याच्या बटणाशी खेळतं तसा किती वेळ बसलो कोण जाणे. दोन महिने मी हिच्याशी बोलत होतो.

खरं तर इतका एकटा मी ती गेल्यापासून झालो नव्हतो.

लेकीला फोन केला. म्हटलं, वाचलं. ती म्हणाली, “मला समोर बोलायला जमलं नाही, बाबा. आईसारखीच निघाले.” मी म्हटलं, आईसारखी नाही, माझ्यासारखी. पण मी वाचलंय, आणि आता तू मला घेऊन चल.

२ एप्रिल

दवाखाना. लेक बरोबर. डॉक्टरीणबाई तरुण, पण घाई नाही. धंदा काय विचारलं. सांगितलं. वार्निश, भट्टी, किती वर्षं? एकतीस. मास्क? हसलो. आणि राहायला कुठे होतात?

“वरच,” मी म्हटलं. “वरच राहायचो. दोघंही.”

त्या लिहायच्या थांबल्या. लेकीने माझा हात धरला. मी खिडकीकडे बघत होतो. पडद्यांचा वास मला इतकी वर्षं येतो आहे, पण त्याचा अर्थ मी आज लावला.

त्यांनी पाठीला स्टेथोस्कोप लावला. श्वास घ्या, सोडा, घ्या. मी म्हटलं, मलाही ऐकायचंय. त्यांना गंमत वाटली. नळ्या माझ्या कानात दिल्या आणि चकती माझ्याच छातीवर धरली.

ऐकलं. घेताना शिटी, सोडताना नाही. तिची होती त्या पट्टीला अजून आलेली नाही. बरीच खाली आहे. तिची मी पहिल्यांदा जिन्यावर ऐकली होती, साधारण तिथेच.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काही कळलं का?

मी नळ्या काढल्या. मोटर पुन्हा उचलायची सवय हाताला होती, पण हातात काही नव्हतं.

“आवाज ओळखीचा आहे,” मी म्हटलं. “लवकरचा आहे. सांगतो, नीट लिहून घ्या.”